वीस रुपयांची तांबडी भाजी महाग की पंधरा रुपयांचे नूडल्स?

माझा भाचा विद्यापीठात शिकतो आणि गोव्यात ताळगावला दोन मित्रांसोबत खोली घेऊन राहतो. गेल्या महिन्यात घरी आला तेव्हा मी तांबडी भाजी निवडत बसले होते. "मावशी, ही जुडी केवढ्याला?" वीसला, म्हटले. "बघ आता! माझे नूडल्स पंधराचे, त्यात माझे पोट भरते. तुझ्या जुडीत कोणाचे भरेल? आणि वर तुम्हीच सांगता, घरचे स्वस्त पडते."

मी त्याला काहीतरी बोलून गप्प केले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मुलाचे गणित चुकलेले नव्हते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. नूडल्स, बिस्किटे, फरसाण, चॉकलेट, आइस्क्रीम हे सगळे ५ टक्क्यांच्या रांगेत आले. थंड पेयांवर तेवढा ४० टक्के कर राहिला, आणि तोही जुना कर अधिक सेस मिळून आधीपासून तेवढाच होता. गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात कारखान्यात बनलेल्या अशा पदार्थांवर कर वाढवण्याचा विचार व्हावा, असे सुचवलेले होते. अहवाल एकीकडे गेला, कर दुसरीकडे. तेव्हा सामान्य माणसाने आपला हिशेब आपणच मांडलेला बरा.

आधी फणस

"फास्ट फूड" या शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, झटपट मिळणारे खाणे. दुसरी, कारखान्यात घडवलेले खाणे. सकाळी टपरीवर मिळणारी पातळ भाजी आणि पाव पहिल्यात बसतात. चिप्सचे पाकीट दुसऱ्यात.

हा फरक नीट मांडला तो ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लुस मोंतेरो यांनी, २००९ मध्ये. त्यांच्या वर्गवारीला "नोव्हा" म्हणतात आणि तिच्यात चार गट आहेत. आपल्याला ते समजून घ्यायला परसातला फणस पुरे. झाडावरून काढून खाल्लेला गरा म्हणजे मूळ रूपातले अन्न. तोच गरा वाटून, साखर घालून उन्हात वाळवला की साट झाले. प्रक्रिया झाली, पण आत फणस आहे आणि ते आपल्या आजीलाही करता येत होते. आणि फणसाच्या वासाचे, पिवळ्या रंगाचे ते चघळायचे चॉकलेट? त्यात फणस शोधून सापडणार नाही. त्याला अतिप्रक्रियायुक्त पदार्थ म्हणतात. पुढे मी त्याला नुसते "पाकिटातले" म्हणणार आहे, कारण मूळ शब्द एकदा उच्चारला तरी तोंड दमते. राहिलेला चौथा गट म्हणजे मीठ, तेल, साखर, गूळ. नुसते खात नाही, स्वयंपाकात घालतो.

पाकिटात दूधही येते आणि तांदूळही, ते सोडून द्या. ओळखायची सोपी खूण म्हणजे मागच्या बाजूची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे, म्हणजे पहिले नाव ज्याचे, त्याचाच भरणा जास्त. आणि यादीत आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसणारी चार-पाच नावे दिसली, तर समजून जावे.

वाटा उलटून पाहा

आता पैशांकडे. आपल्याकडे बाजारात मासळीवाली बांगडे वाट्याने विकते. शंभराला एक वाटा म्हटले की कोणी लगेच पिशवी उघडत नाही. वाट्यात किती बांगडे, केवढे, वरचे ताजे आणि खालचे कालचे असे तर नाही ना, हे उलटून बघतो. शंभर हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. खाण्याच्या बाबतीत मात्र आपण वाटा न उलटता पंधरा आणि वीस यांची तुलना करून मोकळे होतो.

अन्नाचा वाटा मोजायच्या निदान तीन पद्धती आहेत. कॅलरीला किती रुपये, प्रथिनाला किती रुपये, आणि एका माणसाच्या ताटाला किती रुपये. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा, स्कूटरमधल्या पेट्रोलसारखी. प्रथिने म्हणजे दुरुस्तीचा माल. स्नायू, रक्त, त्वचा, सगळ्याची डागडुजी त्यातून होते. नुसते पेट्रोल भरून स्कूटर बारा वर्षे चालत नाही, टायर आणि ब्रेकही लागतात.

खालचे दर मी ढोबळ धरले आहेत. तुमच्या बाजारात दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील, पण चित्र फारसे बदलणार नाही.

नूडल्सचे ७० ग्रॅमचे पाकीट १५ रुपये. त्यात साधारण ३०० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने. म्हणजे शंभर कॅलरी ५ रुपयांना, दहा ग्रॅम प्रथिने २५ रुपयांना. चिप्सचे २० रुपयांचे पाकीट ५० ग्रॅमचे धरले तर शंभर कॅलरी ७ रुपयांना, पण दहा ग्रॅम प्रथिनांसाठी पन्नासहून जास्त रुपये मोजावे लागतात. एवढ्यात अख्खी सात अंडी येतात.

आता मूग, १२० रुपये किलो. शंभर ग्रॅम मुगात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. दहा ग्रॅमला साडेपाच रुपये! शंभर कॅलरी चार रुपयांना. उकडे तांदूळ ५० रुपये किलो धरले तर शंभर कॅलरी दीड रुपयालाही पडत नाहीत. अंडे ८ रुपयांचे, त्यात ६ ग्रॅम प्रथिने, म्हणजे दहा ग्रॅम १३ रुपयांना. तारले २०० रुपये किलो असतील, तर डोके-आतडे काढून उरलेल्या निम्म्या वजनावर हिशेब केला की दहा ग्रॅम प्रथिने वीस रुपयांच्या घरात. नूडल्सपेक्षा थोडीच स्वस्त, पण तारल्यांत ओमेगा-३ नावाची हृदयाला हवी असलेली चरबी असते आणि मऊ काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही.

आणि तांबडी भाजी? वीसच्या जुडीत देठे काढून दीडशे ग्रॅम हाती लागली तर कॅलरी जेमतेम पन्नास. शंभर कॅलरींना चाळीस रुपये. नूडल्सच्या आठपट! भाच्याला मी हे सांगितले असते तर तो खुशीत नाचला असता. पण तांबडी भाजी कोणी कॅलरीसाठी घेत नाही. ती लोह, फोलेट, अ जीवनसत्त्वाला लागणारे कॅरोटीन आणि चोथा यांसाठी असते. तिचा दर कॅलरीत मोजणे म्हणजे ब्रेक किती लिटरचा, असे विचारण्यासारखे.

हा घोळ फक्त आपलाच नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातल्या अर्थतज्ज्ञांनी हाच प्रश्न घेतला होता. कॅलरीला किंमत लावली तर भाज्या-फळे महाग, वजनाला किंवा एका वाढपाला लावली तर तीच स्वस्त, असे त्यांना आढळले. उत्तर आधीच मापात दडलेले होते.

चार माणसांचे रात्रीचे जेवण

सुटे दर बाजूला ठेवून घरातल्या रात्रीच्या जेवणाचा हिशेब केला. चारशे ग्रॅम उकडे तांदूळ २० रुपये. मुगाचे तोणाक (नारळाचे वाटण घातलेली उसळ) करायला दीडशे ग्रॅम मूग, १८. अर्धा नारळ २५ (नारळाने २०२५ मध्ये गोव्यात सगळ्यांच्याच तोंडाला फेस आणला). तांबडी भाजीच्या दोन जुड्या ४०. चार अंडी ३२. कांदा, तेल, मसाला २५. गॅस ८. एकूण १६८.

चौघांना प्रत्येकी दोन पाकिटे नूडल्स केले तर १२०. म्हणजे भाचा बरोबर होता, नूडल्स पन्नास रुपयांनी स्वस्त. मात्र घरच्या ताटात माणशी बावीस ग्रॅम प्रथिने येतात, नूडल्समध्ये बारा. भाजी आणि चोथा वेगळाच.

आता तिसरा पर्याय. चौघांसाठी गाड्यावरून फ्राइड राइस, गोबी आणि एक-दोन शवर्मा मागवले तर पाचशेची नोट पुरत नाही. घरच्या जेवणाच्या तिप्पट. तेव्हा "फास्ट फूड स्वस्त" हे अर्धेच खरे. पाकिटातले स्वस्त, मागवलेले महाग. आपण चर्चेत पहिल्याची किंमत सांगतो आणि महिनाअखेर बिल दुसऱ्याचे भरतो. भाच्याच्या फोनवरच्या ऑर्डरींचा हिशेब मी मागितला. त्याने विषय बदलला.

स्वस्त कॅलरी मिळाल्या तर बिघडले कुठे?

चांगली शंका आहे. भूक स्वस्तात भागली तर वाईट काय? अडचण अशी की पाकिटातल्या खाण्याने भूक नेमकी कुठे थांबवायची हेच कळेनासे होते.

अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. वीस माणसांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवले. दोन आठवडे पाकिटातले, दोन आठवडे मूळ रूपातल्या अन्नाचे जेवण. पुढे ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, चोथा, मीठ यांचे प्रमाण जुळवलेले. खा हवे तितके, एवढीच मुभा. पाकिटातल्या जेवणाच्या काळात माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली. दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलो वाढले, आणि दुसऱ्या जेवणात तेवढेच उतरले. खाण्याचा वेगही पाकिटातल्या जेवणात जास्त होता. मऊ, चावायला न लागणारे अन्न पोटाने "पुरे" म्हणायच्या आत उतरून जाते. उकड्या तांदळाची पेज, तोंडाला खारातली कैरी आणि सुक्या बांगड्याचा तुकडा असे जेवताना तुम्ही कधी घाईने जेवला आहात का?

पण याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी, ती सहसा कोणी सांगत नाही. दिवसाला दोन हजार कॅलरींच्या हिशेबाने आठवड्याचा कच्चा माल पाकिटातल्या जेवणासाठी १०६ डॉलर पडला आणि दुसऱ्यासाठी १५१. अमेरिकेत चांगले खाणे खरेच महाग आहे. आपल्याकडे डाळी-कडधान्ये अजून आवाक्यात आहेत म्हणून आपला हिशेब एवढा एकतर्फी होत नाही.

मिठाचेही बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते. पाकिटावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणा. नूडल्सच्या एकाच पाकिटात पुष्कळदा दिवसाच्या कोट्यातला तिसरा हिस्सा उडतो, आणि भाचा दोन पाकिटे खातो.

मग गोबी मंचुरियन कुठे बसते?

हा आपला खास गोव्याचा प्रश्न. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी घातली आणि ती बातमी परदेशी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. कारण कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहाच्या जत्रेतही अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव पालिकेला या गाड्यांना आवर घालायला सांगितले होते. त्यानंतरही कुठल्याही जत्रेत जा, लाल चकचकीत परात तुमची वाट बघत असते.

गोबीत फूलकोबी आहे, ही खरी भाजी. पण मैदा-कॉर्नफ्लॉवरच्या पिठात बुडवून तळली की ती तेल शोषून घेते. एकच तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यात खराब झालेली संयुगे साठत जातात. ती पंचवीस टक्क्यांवर गेली की तेल फेकून द्यावे असा देशभराचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. कढईतले तेल काळे, घट्ट आणि फेसाळ दिसले तर मोजणीची वाट बघू नये, पुढच्या गाड्यावर जावे. जत्रेत वर्षातून दोनदा खाल्ली तर सहसा कोणी आजारी पडत नाही, मीही खाते. रोज कॉलेज सुटल्यावर खाणे निराळे.

आणि पाव? तो तर मैद्याचाच

हा आक्षेप कोणीतरी घेणारच म्हणून आधीच उत्तर देते. हो, मैद्याचाच. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकून आपले मन कितीही हळवे झाले तरी पाव म्हणजे मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. नोव्हाच्या यादीत तो पाकिटातल्या गटात जात नाही, साटाच्या गटात जातो. पण प्रक्रिया कमी म्हणून पोषण जास्त असे होत नाही. पोई, म्हणजे कोंडा लावलेला चपटा पाव, त्यातल्या त्यात बरी, असे आपण मानतो. मात्र वर लावलेला कोंडा बघून फसू नका. आत गव्हाचे पीठ किती आणि मैदा किती, हे पोदेरालाच विचारावे. माझ्या पोदेराने हसून उत्तर टाळले.

पावाला वाचवते ती सोबतची भाजी. अळसांद्याची किंवा चण्याची पातळ भाजी, वर चिरलेला कांदा, लिंबू. कडधान्यामुळे प्रथिने येतात आणि लिंबामुळे त्यातले लोह अंगाला लागते. पन्नास-साठ रुपयांत टपरीवर बसून असा नाश्ता मिळतो. हे फास्ट फूड आहे आणि चांगले आहे. भाच्याला रोज स्वयंपाक जमत नसेल तर मी त्याला कोशिंबिरीचे धडे देणार नाही, या टपरीवर पाठवीन.

हिशेबात न धरलेला एक तास

वर मी गॅसचे आठ रुपये लिहिले. सिलिंडर ९०० रुपयांचा, त्यात १४.२ किलो गॅस, आणि शेगडी ताशी दीडशे ग्रॅम जाळते असे धरले तर पन्नास मिनिटांना तेवढेच होतात. पण त्या पन्नास मिनिटांचे, शिवाय निवडणे, चिरणे, वाटण, भांडी, यांचे काय?

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, ते करणारे पुरुष ८८. म्हणजे "घरचे स्वस्त" असते तेव्हा तो फरक कोणीतरी आपल्या वेळातून भरत असते, आणि ते कोणी म्हणजे कोण हे सांगायची गरज नाही. पर्वरीहून आठ तासांची नोकरी आणि पुलावरची कोंडी संपवून सातला घरी पोचलेल्या बाईने नूडल्सचे पाकीट फोडले, तर तिला पोषणावर व्याख्यान देणाऱ्याने आधी ओट्यापाशी उभे राहावे.

भाच्याची अडचण वेगळी. त्याच्या खोलीत फ्रिज नाही. जुडी दुसऱ्या दिवशी मलूल होते आणि निम्मी फेकली जाते. फेकलेली भाजी जगातली सगळ्यात महाग भाजी. नूडल्स सहा महिने कपाटात शांत बसतात. म्हणून फ्रिज नसलेल्यांसाठी खरा प्रतिस्पर्धी भाजी नव्हेच, कडधान्य आहे. मूगही सहा महिने कपाटात शांत बसतात. रात्री भिजत घाला, सकाळी तांदळासोबत कुकरला लावा. वीस मिनिटे, तीन रुपयांचा गॅस. सोबत उकडलेले अंडे. पातेली दोनच घासायची. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून त्या दिवसापुरतीच घ्यावी, तिथे सरकारी अनुदानामुळे दर उतरलेले असतात.

आपले आजोबा तर भात-पेजेवरच जगले

जगले, पण शेतात राबून. आणि नुसता भात हे चांगले ताट नव्हे, हेही खरे. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात धान्यातून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये म्हटले आहे. दिवसाला ५०० ग्रॅम भाज्या-फळे आणि ८५ ग्रॅम डाळी, अंडी किंवा मासे-मांस हवे. आपली ताटे बघा, भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी. त्या डोंगराला नूडल्स जबाबदार नाहीत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघाले. प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. त्याचे सगळे खापर शवर्म्यावर फोडणे सोपे आहे. वाढलेले सरासरी वय, बसून काम, मद्य, गोड पेये आणि तो भाताचा डोंगर, सगळेच त्यात आहेत. उकड्या तांदळाचा एक फायदा मात्र खरा. भात तुसासकट उकडताना वरच्या थरातले ब गटातले जीवनसत्त्व दाण्यात शिरते आणि गिरणीत घासल्यावरही बरेचसे राहते. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जाते.

पावसात हिशेब उलटतो

वर लिहिलेले सगळे दर चांगल्या हंगामातले आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा ताजे तारले दिसत नाहीत आणि जे येते त्याचा वाटा उलटून बघायचीही भीती वाटते. भाजी बेळगावहून घाट उतरून येते. पावसाने रस्ता अडला की टोमॅटोकडे नुसते बघायचे. नूडल्सचा दर मात्र बारा महिने तोच. गरिबाला पाकीट आवडते ते बरेचसे यासाठी, उद्याचा भाव आजच माहीत असतो.

त्या दोन महिन्यांचे उत्तर आमच्या घरात आई देत असे. मेअखेर डब्यात कुळीथ आणि अळसांदे भरलेले असायचे. कुळथात प्रथिने मुगाइतकीच आणि लोहही भरपूर. माळ्यावर सुके बांगडे टांगलेले. ते जपूनच खावेत, मीठ त्यातही नूडल्सइतकेच मारक आहे. आणि पहिला पाऊस पडून आठवडा झाला की ती कोयता घेऊन कुंपणाकडे जायची आणि पदर भरून कोवळा तायखिळा (टाकळा) आणायची. नारळ आणि फणसाच्या आठळ्या घालून त्याची भाजी. भाच्याला मी ती भाजी वाढली तेव्हा त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, ही केवढ्याला.